विदर्भाचा सर्वोत्तम रणजी संघ: माझं मत २०१८-१९ ला

रणजी करंडकात विदर्भाने पहिली साठ वर्षं जवळपास नुसती हजेरी लावली. १९५७-५८ पासून हा संघ स्पर्धेत उतरतो आहे आणि पहिलं विजेतेपद आलं ते २०१७-१८ मध्ये. मग जणू बांध फुटला. पुढच्याच वर्षी दुसरा करंडक आला, २०२३-२४ मध्ये उपविजेतेपद आणि २०२४-२५ मध्ये तिसरा करंडक. ज्या संघाला मोठे संघ सोपे गुण समजत, त्याच्या चाहत्यांवर आता ‘आपला सर्वांत चांगला संघ कोणता’ यावर वाद घालायची वेळ आली आहे. हा वाद नागपुरात जेवढा रंगतो तेवढाच लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावातही रंगायला हवा. जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरच्या या गावाला नागपूरपेक्षा संभाजीनगर जवळ आहे. सिंदखेड राजा ओलांडून जालना जिल्ह्यात शिरलं की क्रिकेटच्या नकाशावर विदर्भ संपतो आणि महाराष्ट्र संघटनेची हद्द सुरू होते. म्हणजे बीबी अकरा जिल्ह्यांच्या विदर्भ क्रिकेटच्या अगदी काठावर आहे. काठावरच्या माणसाला नागपूरच्या कौतुकात वाहून जायचं कारण नसतं, त्यामुळे निवाडा जरा थंड डोक्याने करता येतो.

आजचं प्रचलित मत २०२४-२५ च्या बाजूचं आहे आणि ते उगाच नाही. हा संघ हंगामभर अपराजित राहिला. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातल्या सर्वाधिक बळींचा बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ चा विक्रम मोडला. यश राठोडने ९६० धावा करून स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्याचा मान मिळवला. करुण नायरच्या ८६३ धावा झाल्या. दानिश मालेवारने पदार्पणाच्या हंगामातच अंतिम सामन्यात १५३ धावा ठोकल्या. कर्णधार अक्षय वाडकरकडे असे चार-पाच हुकमी फलंदाज होते. कागदावर मांडलं तर विदर्भाचा एवढा भरलेला संघ दुसरा दिसत नाही. तरीही माझ्या क्रमवारीत पहिला क्रमांक २०१८-१९ च्या संघाचा आहे, दुसरा २०१७-१८ चा, तिसरा २०२४-२५ चा आणि चौथा २०२३-२४ च्या उपविजेत्यांचा. संघाची थोरवी विक्रमांच्या बेरजेवर ठरत नाही. समोर कोण होतं, सामना कुणाच्या मैदानावर होता आणि मुख्य माणूस अपयशी ठरला किंवा नसला तर बाकीच्यांनी काय केलं, या तीन प्रश्नांवर ती ठरते.

पहिला प्रश्न प्रतिस्पर्ध्यांचा. २०१८-१९ मध्ये रणजी स्पर्धेची रचना बदलली. नवे संघ आल्यामुळे एकूण संख्या ३७ वर गेली आणि वरच्या दोन गटांत जुन्या-जाणत्या संघांची दाटी झाली. विदर्भाच्या गटात मुंबई, कर्नाटक, सौराष्ट्र, गुजरात, बडोदा, महाराष्ट्र, रेल्वे आणि छत्तीसगड होते. साखळीतच मुंबई आणि कर्नाटक दोघांशी गाठ पडणार, शिवाय गतविजेता म्हणून प्रत्येकजण तुमच्यावर टपून बसलेला. या गटात विदर्भाने एकही सामना गमावला नाही आणि मुंबईला नागपुरात एक डाव १४५ धावांनी लोळवलं. आता २०२४-२५ चा गट पाहा: आंध्र, गुजरात, हिमाचल, हैदराबाद, पुदुच्चेरी, राजस्थान आणि उत्तराखंड. या संघांना कमी लेखायचं नाही, पण मुंबई, कर्नाटक, दिल्ली, तमिळनाडू, सौराष्ट्र यांपैकी एकही नाव त्यात नाही. हर्ष दुबेचे ६९ बळी मोठेच आहेत, मात्र त्यांतले बरेचसे या गटातून आलेले आहेत. आदित्य सरवटेने २०१८-१९ मध्ये घेतलेले ५५ बळी संख्येने कमी असले तरी समोरच्या फलंदाजांची नावं वाचली की ते वजनाला उतरतात.

यावर कुणी म्हणेल की बाद फेरीचं काय? २०१८-१९ च्या उपांत्यपूर्व फेरीत विदर्भासमोर प्लेट गटातून आलेला नवखा उत्तराखंड होता, तर २०२४-२५ मध्ये त्याच टप्प्यावर तमिळनाडू होता आणि उपांत्य फेरीत अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर यांच्यासह मुंबई. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करावा लागतो. मुंबईविरुद्धच्या त्या सामन्यात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे यांना परत पाठवलं, यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ धावा केल्या आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. एकेकटा सामना मोजायचा तर विदर्भाच्या मोठ्या विजयांत याची जागा अगदी वर आहे. पण हंगाम एका सामन्याचा नसतो. उत्तराखंडविरुद्धचा सोपा सामना वजा केला तरी २०१८-१९ चा संघ साखळीतल्या आठ कसोट्या देऊनच तिथवर पोचला होता. पुढे उपांत्य फेरीत वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर, केरळच्या घरात जाऊन, त्याने दोन दिवसांत डावाने विजय मिळवला. उमेश यादवने पहिल्या डावात ४८ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात ३१ धावांत ५ बळी घेतले, केरळ १०६ आणि ९१ धावांत आटोपलं.

नागपुरात झालेल्या अंतिम सामन्यातल्या एका लढतीकडे जवळून पाहिलं पाहिजे. सौराष्ट्रकडे चेतेश्वर पुजारा होता. नुकताच तो ऑस्ट्रेलियात चार कसोटींत ५२१ धावा करून आला होता आणि भारताने तिथली पहिलीवहिली कसोटी मालिका त्याच्या बॅटवर जिंकली होती. उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध त्याने नाबाद १३१ धावा करून सौराष्ट्रला अंतिम फेरीत नेलं होतं. त्या घडीला भारतात त्याच्याइतका बाद करायला अवघड फलंदाज नव्हता. सरवटेने पहिल्या डावात त्याला १ धावेवर स्लिपमध्ये वसिम जाफरकडे झेल द्यायला लावला आणि दुसऱ्या डावात शून्यावर पायचीत केला. ज्या माणसाला मिचेल स्टार्क, पॅट कमिन्स आणि नॅथन लायन हलवू शकले नाहीत, त्याच्या दोन्ही डावांत मिळून एक धाव. सौराष्ट्रला जिंकायला २०६ धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर ते ५ बाद ५८ आणि शेवटी सर्वबाद १२७. सरवटेचे सामन्यात ११ बळी झाले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. पहिल्या डावाच्या आघाडीवर नाही, थेट सामना जिंकून करंडक घेतला. रणजी करंडक राखणारे संघ इतिहासात मोजकेच आहेत, त्यांत विदर्भाचं नाव लागलं ते या दिवशी.

इथे तिसरा प्रश्न येतो: मुख्य माणसं चालली नाहीत तर काय? २०१८-१९ चा संघ म्हणजे जाफर आणि उमेश, असं आता सरसकट बोललं जातं. चाळिशीतल्या जाफरने त्या हंगामात १०३७ धावा केल्या आणि दोन वेगवेगळ्या रणजी हंगामांत हजाराचा पल्ला गाठणारा तो पहिला फलंदाज ठरला, हे खरंच आहे. पण अंतिम सामन्याचा धावफलक वेगळं सांगतो. पहिल्या डावात विदर्भ ३१२ पर्यंत पोचला तो तळाच्या अक्षय कर्णेवारच्या नाबाद ७३ धावांमुळे. दुसऱ्या डावात संघ कोसळत असताना २०० चा आकडा गाठून दिला तो सरवटेच्या ४९ धावांनी. विजयाचं अंतर ७८ धावांचं. या दोघांच्या धावा काढून टाकल्या तर करंडक राजकोटला गेला असता. त्याहून मोठा पुरावा काही दिवसांनी नागपुरातच झालेल्या इराणी करंडकाचा. त्या सामन्यात जाफरही नव्हता आणि उमेशही नव्हता. समोर अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखालचा शेष भारत आणि त्यात दोन्ही डावांत शतक ठोकणारा हनुमा विहारी. तरी कर्णेवारच्या १०२ धावांच्या बळावर विदर्भाने ४२५ धावा करून आघाडी घेतली. चौथ्या डावात २८० धावांचा पाठलाग करताना गणेश सतीशच्या ८७ आणि अथर्व तायडेच्या ७२ धावांमुळे ५ बाद २६९ पर्यंत मजल मारली आणि मग हस्तांदोलन झालं. पहिल्या डावाच्या आघाडीवर इराणी करंडक विदर्भाकडेच राहिला. बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना देण्याचं कर्णधार फैज फजलने जाहीर केलं. दोन आधारस्तंभ नसताना देशातल्या निवडक अकराजणांसमोर पाच दिवस तोडीस तोड उभा राहतो, तो संघ दोन माणसांचा नसतो.

२०१७-१८ चा संघ अनेकांच्या मनात पहिला आहे आणि त्यात भावनेचा वाटा मोठा आहे. भावना बाजूला ठेवूनही त्याला दुसरा क्रमांक द्यावाच लागतो, कारण दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मैदानाच्या प्रश्नावर, त्याच्या जवळपास कुणी येत नाही. त्या वर्षी बाद फेरीचे सामने त्रयस्थ मैदानांवर होते: उपांत्यपूर्व सुरतला, उपांत्य कोलकात्याला, अंतिम इंदूरला. घरची खेळपट्टी नाही, घरचे प्रेक्षक नाहीत. सुरतला केरळवर ४१२ धावांनी मात केल्यावर ईडन गार्डन्सवर कर्नाटकशी सामना झाला. करुण नायरच्या १५३ धावांमुळे कर्नाटकने पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी घेतली. त्यानंतर विदर्भाने ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकपुढे १९८ चं लक्ष्य ठेवलं. पाचव्या सकाळी कर्नाटक ७ बाद १११ वर होतं. विनय कुमारने ३६ आणि अभिमन्यू मिथुनने ३३ धावा करून सामना जवळपास ओढून नेला होता, दुसऱ्या टोकाला श्रेयस गोपाळ नाबाद उभा होता. रजनीश गुरबानीने डावातला सातवा बळी घेतला तेव्हा कर्नाटक १९२ वर होतं. पाच धावांनी विजय. पुढे इंदूरला दिल्लीविरुद्ध गुरबानीने पहिल्या डावात हॅटट्रिक घेतली, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत, आणि रणजी अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक होती. उमेश त्या सामन्यात नव्हता, अकोल्याच्या आदित्य ठाकरेने थेट अंतिम सामन्यात प्रथमश्रेणी पदार्पण केलं. वाडकरच्या १३३ धावांसह विदर्भाने ५४७ केल्या आणि नऊ गडी राखून सामना जिंकला.

एवढं असूनही हा संघ पहिला का नाही? कारण गोलंदाजीचा भार एका खांद्यावर फार होता. उपांत्य आणि अंतिम मिळून गुरबानीने २० बळी घेतले. त्याचा एक सामना वाईट गेला असता तर कोलकात्यातच गोष्ट संपली असती. त्याच संघाने पुढच्या वर्षी ही उणीव भरून काढली: वायनाडला उमेश, नागपूरला सरवटे, आणि धावा हव्या तेव्हा कर्णेवार. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फजल दोन्ही वर्षं तेच होते, मनुष्यबळही बहुतांशी तेच. त्यामुळे २०१८-१९ चा संघ म्हणजे २०१७-१८ चाच संघ, एका वर्षाने पिकलेला. पहिल्या दोन क्रमांकांत अंतर ठेवायचं ते एवढंच.

२०२४-२५ ला तिसऱ्या क्रमांकावर ठेवणं काहींना अन्याय वाटेल. त्या हंगामात उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने नागपुरातल्या जामठ्याच्या मैदानावर झाले. हा नियमाने मिळालेला हक्क होता, त्यात गैर काही नाही. पण सुरत–कोलकाता–इंदूर करून आलेल्या संघाशी तुलना करताना तो हिशेबात धरावाच लागतो. दुसरं म्हणजे अंतिम सामना जिंकता आला नाही. पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठणाऱ्या केरळविरुद्ध विदर्भाने ३ बाद २४ वरून मालेवार आणि नायरच्या भागीदारीने ३७९ पर्यंत मजल मारली, केरळ ३४२ वर थांबलं आणि ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आला. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला नसता तर निकाल कुणाच्या पारड्यात गेला असता, हे सांगता येत नाही. दुसऱ्या डावात नायरच्या १३५ धावांनी सामना सुरक्षित केला, पण केरळचे वीस गडी बाद करण्याची वेळच आली नाही. आधीच्या दोन्ही विजेत्या संघांनी अंतिम सामना निर्णायकपणे जिंकला होता. म्हणूनच काठावरचा गुण त्यांना.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा मुद्दाही लोक काढतात आणि तो दोन्ही बाजूंनी वापरला जातो. २०१७-१८ मध्ये कोलकात्यात विदर्भाविरुद्ध १५३ करणारा करुण नायर आणि इंदूरला विदर्भाविरुद्धच १४५ करणारा दिल्लीचा ध्रुव शौरी, हे दोघे २०२४-२५ मध्ये विदर्भाकडून खेळले. उलट २०१८-१९ चा नायक सरवटे २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून उतरला आणि विदर्भाविरुद्ध ७९ धावा करून गेला. म्हणून २०२४-२५ चा संघ ‘आपला’ नाही असं म्हणणं मात्र पटत नाही. जाफर मुंबईचा आणि गणेश सतीश कर्नाटकचा, मग २०१८-१९ तरी कुठे शंभर टक्के घरचा होता? शिवाय हर्ष दुबे, राठोड, मालेवार, वाडकर हे विदर्भातच घडले. बाहेरचे खेळाडू हा क्रमवारीचा निकष होऊच शकत नाही. बाहेरच्या फलंदाजाने दिलेली उसंत घरच्या मुलांनी कशी वापरली, हे फार तर पाहावं, आणि त्यात तिन्ही संघ उत्तीर्ण आहेत.

राहिला २०२३-२४ चा संघ. त्याने उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटकला हरवलं, उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशावर ६२ धावांनी मात केली आणि वानखेडेवर मुंबईने ५३८ चं अशक्य वाटणारं लक्ष्य ठेवल्यावर वाडकरच्या १०२ धावांच्या जोरावर ३६८ पर्यंत झुंज दिली. मुंबईचा तो ४२ वा करंडक होता. करंडक नाही म्हणून चौथा क्रमांक, पण पुढच्या वर्षीच्या विजेत्यांचा पाया याच संघाने घातला.

वेगवेगळ्या वर्षांच्या संघांची तुलना करणंच निरर्थक आहे, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगावंसं वाटतं. विदर्भ क्रिकेट संघटना पुढच्या दहा वर्षांत कोणता नमुना गिरवणार, हे अशा तुलनेवरच ठरायला हवं. २०२४-२५ हा आदर्श मानला तर धडा निघेल: एक विक्रमी फिरकीपटू घडवा, दोन नावाजलेले फलंदाज आणा, घरी खेळा. २०१८-१९ आदर्श मानला तर धडा निघतो: सहाव्या-आठव्या क्रमांकावरचा माणूस सामना फिरवेल इतकी फळी खोल करा. आणि ही खोली नागपूरच्या हद्दीत संपत नाही. अंतिम सामना आणि इराणी करंडक दोन्हींत संघाला तारणारा कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातला आहे. इराणीत ७२ धावा करणारा तायडे अकोल्यातून आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानेच शेष भारताविरुद्ध १४३ धावा करून विदर्भाला तिसरा इराणी करंडक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. इंदूरला पदार्पण करणारा ठाकरेही अकोल्याचाच. पश्चिम विदर्भाने मागितलं नसताना दिलेली ही माणसं आहेत. अकोल्याच्या पुढे, बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर–लोणारच्या पट्ट्यात टेनिस बॉलवर खेळणाऱ्या पोरांपर्यंत लेदर बॉल, मॅटिंगची खेळपट्टी आणि निवड चाचणी नियमित पोचली, तर मागून किती मिळेल याचा विचार संघटनेने करावा.

तर क्रम असा: २०१८-१९, २०१७-१८, २०२४-२५, २०२३-२४. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी चारही हंगामांचे धावफलक काढावेत, प्रतिस्पर्धी आणि मैदानांची नावं शेजारी लिहावीत आणि मग वाद घालावा. मुंबईला साखळीत डावाने हरवून, पुजाराला दोन डावांत एक धाव देऊन आणि जाफर-उमेशशिवाय शेष भारतासमोर इराणी करंडक राखून दाखवणारा विदर्भाचा दुसरा संघ त्यांना सापडणार नाही.